उघड्या वाफ्याला विसावा मिळत नाही

भाजीपाल्याने थकलेला वाफा या पावसाळ्यात पड ठेवा, असं मागे लिहिलं होतं. आमच्या गल्लीतल्या एका बंगल्यात या आठवड्यात ते अमलात आलं. माळ्याने गवताची काडीही ठेवली नाही, पाचोळा कोपऱ्यात पेटवला आणि वाफा उघडा टाकला. पाहून जीव कळवळला.

मृगाच्या सरी उघड्या मातीवर आदळल्या की ढेकळं विरघळतात, बारीक माती छिद्रांत जाऊन बसते आणि उघडीप पडली की वर पापुद्रा धरतो. पुढच्या सरीचं पाणी मग मुरतच नाही. वरचा कसदार थर घेऊन ते गढूळ होऊन गटाराला लागतं. शेजारच्याच वाफ्यात ताग फेकून पाहा. गुंठ्याला साधारण अर्धा किलो बी पुरतं. महिन्याभरात तो इतका दाट उभा राहतो की थेंब पानांवरच फुटतो आणि खाली तणाला ऊन मिळत नाही. एक रोप मातीसकट अलगद काढा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्यातली एक नखाने फोडा. आत गुलाबी दिसली, तर हवेतला नत्र बांधण्याचं काम जोरात चालू आहे. कडधान्याचा बेवड शेतकरी चांगला मानतात, त्यामागे याच गाठी आहेत.

फुलं दिसू लागली की, म्हणजे ४५ ते ५० दिवसांनी, ताग कापून मातीत गाडायचा. उशीर केला तर खोडात वाख तयार होतो आणि ते लवकर कुजत नाही. पुढे तीन-चार आठवडे थांबून मेथी, फ्लॉवर लावा. पाणी साचणाऱ्या किंवा चोपण जागेत मात्र धैंचा घ्या.

आणि पाचोळा जाळण्याबद्दल मी लिहीतच राहणार. त्यातला नत्र धुरात जातो, उरलेली राख पहिल्याच सरीत वाहते. मग दिवाळीच्या आधी त्याच बंगल्यात लाल मातीच्या गोण्या उतरतात. ती माती कुठल्या तरी डोंगराची साल काढून आणलेली असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अजून जून सरलेला नाही. बियाण्यांच्या दुकानात हिरवळीच्या खतासाठी म्हणून ताग मागा, वापसा येताच पेरा, आणि कृपा करून पाचोळ्याला काडी लावू नका.