थंडी गावाची की वेळेची?

पौष महिना लागला की पुण्यातील अनेक व्यापारी घरांत एक विषय हमखास निघतो. पेढी आणि राहते घर गुलटेकडीला, बिबवेवाडीला किंवा रविवार पेठेत. मुलाची वा सुनेची नोकरी मात्र माणला, राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या तिसऱ्या टप्प्यात. जाताना दीड तास, येताना दीड तास. खोकला हटत नाही, बोटे आखडतात. ‘मुंबईला नाहीतर चेन्नईला बदली मागावी, तिथे निदान ऊब तरी आहे,’ असे कोणीतरी सुचवतो. वडीलधारी मंडळी मग गप्प होतात. कारण त्या बदलीबरोबर नातवंडांचा सहवास, पेढीचे पुढचे दिवस आणि एकत्र चूल यांचाही निकाल लागणार असतो.

असा निर्णय घेण्यापूर्वी थंडीचे स्वरूप समजून घ्यावे. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. हिवाळ्यात हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्याने दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. १७ जानेवारी १९३५ रोजी येथे १.७ अंश सेल्सियस इतक्या नीचांकी तापमानाची नोंद झाली होती. परंतु हिवाळ्यातही दुपारी पारा बहुधा ३० अंशांच्या आसपास पोहोचतो. म्हणजे ही थंडी मुख्यतः पहाटेची आहे. नऊनंतर ती ओसरू लागते. तिच्यात भर पडते ती दुचाकीची. १० अंशांच्या हवेत ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेला ती सुमारे ६ अंशांसारखी बोचते.

नियम पाळणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. जानेवारीत पुण्याचा सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो. त्यानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी येते, तेव्हा सातला घर सोडलेला माणूस औंध-वाकडच्या गर्दीत अडकलेला असतो. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास; त्यामुळे चौविहार करणाऱ्याची जेवणाची वेळ परतीच्या रस्त्यावरच टळते. गाव बदलून हा प्रश्न सुटत नाही. मुंबईतही डिसेंबरचा सूर्य सहाच्या आसपासच मावळतो आणि चेन्नईत तर त्याहून आधी.

आता हिशेब मांडू. रोजचे ३ तास, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ६६ तास. हिवाळ्याच्या तीन महिन्यांत १९८ तास. आठ तासांच्या कामाचे जवळजवळ २५ दिवस. हा खर्च मोठाच आहे. पण समोरच्या रकान्यात नव्या शहरातील घराची अनामत, दलाली, मुलांची शाळा आणि तेथील प्रवासही लिहावा लागेल. मुंबईत ऊब मिळेल. लोकलचे तास चुकतीलच असे नाही.

त्याऐवजी तीन महिन्यांपुरती कामाची वेळ दीड तास पुढे मागता येते, किंवा आठवड्यातील दोन दिवस घरून काम मागता येते. दुचाकीऐवजी कंपनीची बस घेता येते. संध्याकाळचा डबा सोबत नेऊन साडेपाचच्या आत कार्यालयातच जेवता येते. दांपत्याला माण किंवा हिंजवडीत हिवाळ्यापुरती भाड्याची जागा घेऊन शनिवार-रविवार घरी येता येते. माण ते शिवाजीनगर हा सुमारे २३ किलोमीटरचा मेट्रोमार्ग आहे. पुढेमागे घर घ्यायचेच झाले तर त्याच्या स्थानकांजवळ पाहावे.

दम्यासारखा विकार असेल आणि वैद्यांनीच हवापालट सांगितला असेल, तर गोष्ट निराळी. तेथे विलंब करू नये. इतरांनी आधी एक आठवडा घर सोडण्याची, पोहोचण्याची, जेवणाची आणि झोपेची वेळ वहीत टिपावी आणि रविवारी सर्वांनी एकत्र बसून ती वही वाचावी. वडिलांनीही त्या दिवशी गप्प न राहता आपले म्हणणे मांडावे. फाल्गुनात पहाटेची बोच कमी होते. तोपर्यंत बदलीचा अर्ज थांबवल्यास सहसा काही बिघडत नाही.