भाड्याचा इतिहास

ऐतिहासिक नाटक ठरले की आमची पहिली धाव कपडेपटाच्या दुकानाकडे! वरळीच्या बीडीडी चाळींतल्या गणपतीत नाटक असो वा शिवजयंतीचा देखावा, रिवाज हाच. गाठोडे सुटते आणि बाहेर काय पडते? झगझगीत नायलॉनी साटिनचा अंगरखा, छातीवर टिकल्या, पाठीला चेन! काल तो अफजलखानाच्या अंगावर होता, आज महाराजांच्या आहे. घामाचा वास मात्र दोघांचा.

"मास्तर, एका रात्रीचा खेळ! प्रेक्षक का घेर मोजायला येतात?" असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. प्रेक्षक मोजत नाहीत, कबूल. पण पुढे सतरंजीवर बसलेली पोरे इतिहास कानांनी थोडा आणि डोळ्यांनी फार शिकतात. डोळ्यांत एकदा टिकल्या बसल्या की पुस्तकाने त्या निघत नाहीत.

बरे, सतराव्या शतकातला पोशाख हे काही गूढ नव्हे. वा. सी. बेंद्रे यांनी उजेडात आणलेले महाराजांचे चित्र पाहा. अंगाला नीट बसलेली छाती, कमरेला नक्षीदार पटका आणि खाली सैल घेर. हा जामा. त्याला बटणे नव्हती, बंद होते. पल्ला छातीवरून आडवा नेऊन हिंदू तो डाव्या काखेखाली बांधत, मुसलमान उजव्या. नुसत्या बंदावरून माणूस ओळखू येई. आमच्या चेनवाल्या अंगरख्यावरून काय ओळखायचे? दुकान?

"पण शिवायचा म्हणजे खर्च!" हिशेबच करू या. कंबर ३२ इंच, कळ्या १६. शिवण सोडून प्रत्येक कळी वर २ इंच, खाली १२. घेर भरला १९२ इंच, म्हणजे १६ फूट! शिवणीला दोन्हीकडे अर्धा इंच धरा, कळीची लांबी ३८ इंच. ४४ इंच पन्ह्याच्या सुती कापडावर सगळ्या कळ्या एकाच दिशेने मांडल्या तर एका रांगेत तीन बसतात आणि पावणेसहा मीटरहून अधिक कापड जाते. एक सुलटी, एक उलटी अशा मांडल्या तर चार बसतात आणि चार मीटरांत घेर निघतो. छाती-बाह्यांचे कापड निराळे. कळ्यांच्या तिरक्या कडा ताणतात; म्हणून शिवलेला घेर रात्रभर टांगून ठेवावा आणि मगच खालची कड सारखी करून दुमडावी. यात अवघड ते काय?

"जागा कुठे?" हाही प्रश्न येतो. खोली १६० चौरस फुटांची, हे खरे. पण दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधला तो लांबलचक बोळ कशाला आहे? आणि कापड पारखायला साचेखात्यात जन्म काढलेल्या म्हाताऱ्यांना विचारा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, बोटांतली पारख गेली नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आनंदच आहे! पण घर मालकीचे झाले आणि इतिहास भाड्याचाच राहिला, तर ती शोभा कसली? मंडळांनो, भाड्याच्या पैशांतून यंदा एक जामा शिवा, पुढल्या वर्षी दोन. फराळाचे डबे रिकामे झाले की कात्रीला धार लावून घ्या.