श्रमशास्त्राची पदवी आणि आमच्या वाड्या

मुंबई-गोवा रस्ता, गगनबावड्याच्या घाटाची वाट आणि विजयदुर्गचा रस्ता जेथें एकत्र येतात त्या तळेऱ्यास परीक्षांचे निकाल लागले कीं बागाईतदारांच्या घरोघरीं एकच चर्चा चालते: मुलांस पुढें काय शिकवावें? या चर्चेंत एका विद्येचें नांव आमच्या कानीं क्वचितच येतें. इंग्रजींत तिला अर्गोनॉमिक्स म्हणतात. आम्ही श्रमशास्त्र म्हणूं. मनुष्याचें शरीर, हत्यार व काम यांचा मेळ असा घालावयाचा कीं श्रम कमी व्हावेत व अपघात टळावा, हा तिचा विषय.

तिची सोय फार दूर नाहीं. पवईच्या आय. आय. टी. मध्यें 1969 सालीं निघालेल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रांत ती शिकवितात. शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेंत औद्योगिक सुरक्षिततेची एक वर्षाची पदविका मिळते. तिला नोकरीहि आहे, कारण हजार कामगारांच्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी नेमावा असें कलम 1948 च्या कारखाने कायद्यांत 1976 सालीं घातलें गेलें. पण हापुसच्या कलमावर चढणाऱ्या गड्यासाठीं असा अधिकारी कोण नेमणार? ओल्या फांदीवर पाय, मान वर, हातांत लांब झेला, आणि जवळून विजेची तार. तो पडला तर कंबर जाते, आणि घर बसतें. काजू फोडणाऱ्या बायांचे हात टरफलाच्या तेलानें भाजतात, तेंहि कोणी मोजीत नाहीं.

म्हणून आमचा कल दापोलीकडे आहे. 1972 सालीं स्थापन झालेल्या तेथील कृषि विद्यापीठांत कृषि अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुढें अवजारें व यंत्रें हा विषय घेतां येतो. दांतेरी वैभव विळा व देठासह आंबा उतरविणारा नूतन झेला तेथलेच. हात आणि हत्यार यांकडे नीट पाहिलें म्हणजे काय साधतें, हें कापणी करणाऱ्यास सांगावें लागत नाहीं. भोपाळच्या केंद्रीय कृषि अभियांत्रिकी संस्थेनें शेतकाम करणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या शरीराचीं मापें घेऊन अवजारांच्या मुठी व उंच्या ठरविण्याचें काम केलें आहे. लावणीस वांकतात त्या बहुधा स्त्रियाच, तेव्हां स्त्रियांचीं मापें घेतलीं हें विशेष चांगलें.

शिकलेला मुलगा कारखान्यांतच राहील, ही शंका कांहीं खोटी नव्हे. पगार तिकडेच आहे. तरी सहकारी संघांनीं दरसाल एका मुलास वा मुलीस, आमच्या मतें मुलीस आधीं, या अभ्यासासाठीं शिष्यवृत्ति द्यावी. अट एकच: प्रबंध कलमावरच्या गड्यावर किंवा काजू फोडणाऱ्या हातांवर लिहावा, आणि मापें याच वाड्यांत येऊन घ्यावींत.