‘अचानक गेला’ हे वाक्य आता बंद करू या



वस्तीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असला की मंडपात एक वाक्य हमखास कानावर पडते. “काल संध्याकाळपर्यंत चांगला होता हो, अचानक गेला.” गेलेला माणूस पुष्कळदा पंचेचाळीस-पन्नाशीचाच असतो. मागे शिकणारी मुले, म्हातारी आई आणि अर्धवट फिटलेले कर्ज. वंदना होते, भंतेजी अनित्यतेवर देसना देतात, आप्तेष्ट आदरांजली वाहतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागतात. त्या माणसाचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, हे मात्र कोणी विचारत नाही.

आमचे म्हणणे आहे की हे विचारले पाहिजे. दुःखी कुटुंबाला दोष देण्यासाठी नाही, तर मंडपात बसलेल्या बाकीच्यांसाठी. आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात नशीब आणि दैव मागे टाकून आलेल्या बाबासाहेबांची लेकरे आहोत. कारणाशिवाय काही घडत नाही, कारण दूर केले की परिणाम टळतो, ही तथागतांची शिकवण आपण रोज सांगतो. मग हृदयविकाराच्या वेळीच ‘अचानक’ हा शब्द कुठून येतो?

झटका एका क्षणात येतो हे खरे, पण त्याची तयारी बहुतेक वेळा वीस-पंचवीस वर्षे चाललेली असते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या आत चरबीचा थर बसत जातो. वाढलेला रक्तदाब वाहिनीची भिंत खराब करतो, साखर आणि तंबाखू त्यात भर घालतात. एक दिवस तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाट बंद होते. हेच मेंदूच्या वाहिनीत घडले की पक्षाघात, म्हणजे लकवा. या सगळ्या वर्षांत माणसाला दुखत काही नाही. रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ हे तब्येत चांगली असल्याचे प्रमाणपत्र नव्हे.

आपल्याच इतिहासातली दोन माणसे पाहा. महात्मा जोतीराव फुले यांना १८८८ मध्ये पक्षाघात झाला आणि उजवी बाजू लुळी पडली. तरी त्यांनी डाव्या हाताने लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. त्यांचा रक्तदाब किती होता हे कोणालाच कळणे शक्य नव्हते, कारण दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचे यंत्र इटलीत १८९६ मध्ये तयार झाले. बाबासाहेबांना मधुमेह होता, मज्जातंतूंच्या दुखण्याने पाय साथ देत नव्हते, आणि तरीही आदल्या रात्रीपर्यंत ते ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेचे काम करीत होते. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा त्यांचे वय फक्त ६५ होते. रोज घेता येईल अशी, फारसा त्रास न देणारी रक्तदाबाची गोळी त्यानंतर, १९५८ च्या सुमारास, सर्रास मिळू लागली.

फुल्यांच्या काळी यंत्र नव्हते आणि बाबासाहेबांच्या काळी आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. आज दोन्ही आहेत. यंत्र दीड-दोन हजारांत येते आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. तरी आपण मोजत नसू, तर महापुरुषांच्या तसबिरींपुढे मेणबत्ती लावताना हा विचार मनात यायला हवा.

मोजायचे तरी काय? पाच गोष्टी पुरेत.

पहिला रक्तदाब. १२०/८० च्या आत असेल तर उत्तम. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे गेला तर त्याच दिवशी जा. दुसरी साखर. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. तिसरा कंबरेचा घेर. पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० च्या आत असावा. शिंप्याच्या टेपने घरीच मोजता येतो. चौथे कोलेस्टेरॉल. चाळिशीनंतर एकदा तरी तपासावे, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर त्याआधीच. पाचवी गोष्ट मोजायची नाही, सांगायची आहे. तंबाखू, बिडी, मिश्री चालते का? वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत हृदयविकाराने आजारी पडली होती का? ताईंनी आणखी एक सांगावे: बाळंतपणात रक्तदाब किंवा साखर वाढली होती का? तेव्हा वाढून नंतर उतरली, तरी पुढे धोका राहतो.

या गोष्टी एकेकट्या पाहायच्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या लोकांसाठी रंगीत तक्ते काढले, त्यात दक्षिण आशियाचा तक्ता वेगळा आहे. वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, वरचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल-मधुमेह यांवरून पुढच्या दहा वर्षांतला धोका हिरव्यापासून गडद लाल रंगापर्यंत दिसतो. रक्ताची तपासणी झालेली नसेल तर वजन-उंचीवरून काढायचा तक्ताही आहे. रक्तदाब १४५ असलेली, तंबाखूला न शिवणारी बेचाळीस वर्षांची बाई आणि तेवढाच रक्तदाब असलेला, बिडी ओढणारा अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष यांचा धोका सारखा नसतो. डॉक्टरांना सरळ विचारा, “माझा दहा वर्षांचा धोका किती?” एकदा झटका येऊन गेलेल्याने मात्र तक्ता बघत बसू नये. त्याचा धोका मोठाच आहे, औषध चालूच ठेवायचे.

येथे दोन गैरसमज खोडून काढायला हवेत. पहिला, “शिबिरात ईसीजी काढला, नॉर्मल आला.” ईसीजी हृदयाची त्या वेळची स्थिती सांगतो. वाहिनीत थर किती साचला आहे हे साधा ईसीजी सांगत नाही. दुसरा, “गोळी घेतली, बीपी नॉर्मल झाला, म्हणून बंद केली.” अहो, तो नॉर्मल झाला तो गोळीमुळेच! बंद केली की पुन्हा चढतो. गोळी कमी करायची की बदलायची हे डॉक्टरांनी ठरवायचे. शेजारच्या काकांनी किंवा व्हॉट्सअॅपने नव्हे.

घरात काय करता येईल? मिठापासून सुरुवात करा. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे एक छोटा चमचा. पाच माणसांच्या घरात एक किलोची पिशवी निदान चाळीस दिवस पुरली पाहिजे. पापड, लोणचे, फरसाण, खारवलेली मासळी यांतले मीठ वेगळे, म्हणून पिशवी त्याहून जास्त दिवस चालायला हवी. पुढची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहून ठेवा, खरे काय ते कळेल. मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा आजार असलेल्यांनी बाजारातले ‘कमी सोडियम’चे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुसरा विषय तंबाखूचा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले साधारण २७ टक्के प्रौढ तंबाखूचे कोणते ना कोणते रूप वापरत होते, आणि त्यांतले बहुतेक खाणारे, चघळणारे किंवा मिश्री लावणारे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे वस्तीतल्या पोरालाही ठाऊक असते. पंचशील घेताना आपण मादक पदार्थांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा करतो. ती दारूपुरती ठेवून खिशात तंबाखूची डबी बाळगणे बरे नव्हे.

पण सगळा भार माणसावर टाकणे आम्हाला मान्य नाही. काशीमिरा, पेणकरपाडा, जनता नगर, गणेश देवल नगर इथला माणूस पहाटेची गाडी पकडून मुंबईला जातो. कोणी वॉचमन म्हणून रात्रपाळी करतो, कोणी भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर उभा असतो. मावशी चार घरची कामे करून येतात आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खातात. त्यांना ‘रोज बागेत चाला, फळे खा’ असे सांगणे म्हणजे थट्टाच. सकाळी ओपीडीच्या रांगेत उभे राहायचे तर त्या दिवसाचा रोज बुडतो. म्हणून महानगरपालिकेकडे आपली मागणी स्पष्ट असावी: वस्तीजवळच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात संध्याकाळी रक्तदाब-मधुमेहाची तपासणी व्हावी, गोळ्या एका खेपेला महिनाभराच्या मिळाव्यात, आणि साठा संपला म्हणून कोणाला परत पाठवू नये. ही भीक नाही, कर भरणाऱ्या नागरिकाचा हक्क आहे.

मागणी पुरी होईपर्यंत हातावर हात धरून बसायचे नाही. १४ एप्रिलला आपण आरोग्य शिबिर भरवतो, बॅनर लागतो, फोटो निघतात, रक्तदाबाची चिठ्ठी हातात पडते आणि आठवड्यात हरवते. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहाराने दंडाला बांधायचे एक डिजिटल यंत्र आणि एक वही घ्यावी. दर पौर्णिमेला वंदनेनंतर तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजावा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता बसावे. दोनदा मोजून लिहावे. आकडा ज्याचा त्याचा खाजगी असतो, म्हणून वही एका जबाबदार ताईकडे किंवा दादांकडे बंद राहावी. ज्याचा आकडा वाढलेला, त्याला एकाने सोबत घेऊन दवाखान्यात जावे. पुढच्या पौर्णिमेला विचारावे, “गोळी चालू आहे ना?” वहीतला हा दुसरा प्रश्नच जीव वाचवतो. आजारी पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली आणि भिक्खूंना एकमेकांची सेवा करण्यास सांगितले. आपले विहार त्याच वाटेने चालावेत.

आणि प्रसंग आलाच तर? छातीत दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दरदरून घाम, दम लागणे, यांपैकी काही झाले तर ‘गॅस असेल’ म्हणत सोडा पीत बसू नका. बायकांना आणि मधुमेहींना छातीत न दुखता नुसता थकवा, मळमळ किंवा धाप लागूनही झटका येतो. १०८ ला फोन करा, चालत जाऊ नका आणि दवाखान्यात पोहोचताच ईसीजी मागा. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, जीभ अडखळणे हा पक्षाघात आहे. गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून सकाळची वाट पाहू नका. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत तयार ठेवा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयात हृदयाच्या अनेक उपचारांचा खर्च मिळतो. मदत क्रमांक १५५३८८ दाराच्या मागे लिहून ठेवा.

येत्या पौर्णिमेला विहारात याल तेव्हा घरातल्या आईला, आजीला, वडिलांना सोबत आणा. वंदना झाल्यावर बाही वर करा आणि आपला आकडा वहीत लिहून घ्या. पुढच्या वेळी एखाद्या मंडपात ‘अचानक गेला’ असे कोणी म्हणायला लागले, तर आपल्या विहाराला म्हणता यावे की आम्ही मोजले होते, आम्ही विचारले होते, आणि म्हणून आमचे बरेच जण अजून आमच्यात आहेत.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय, जय भीम!