शैलीचे गट नकोत, वेळ हवा

मुलांची ‘पाहून’, ‘ऐकून’ आणि ‘करून’ शिकणारी अशी वर्गवारी करून शाळेत तसे गट पाडावेत, ही गेल्या अंकातील पत्राची सूचना आकर्षक आहे. तिचा पाया मात्र कच्चा आहे. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकारी मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने शिकणे सुधारते याचा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. आवडीनिवडी असतातच. पण नकाशा पाहावाच लागतो, कविता ऐकावीच लागते. माध्यम विषय ठरवतो, मुलाचा गट नव्हे.

मुलांमधला खरा फरक गतीचा, पूर्वज्ञानाचा, घरच्या भाषेचा आणि घरच्या कामांचा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तो ओळखला. १९४५ मध्ये बोर्डीत सुरू झालेले त्यांचे काम पुढे कोसबाडला गेले. तेथे वारली आदिवासी मुलांसाठी विकतच्या साधनांऐवजी बिया, पाने, खडे, शंखशिंपले आले. मूल शाळेत येईना, तर शाळा अंगणात गेली, आणि गुरे राखणाऱ्यांसाठी थेट कुरणात. तिलाच ‘कुरणशाळा’ म्हणत. शैली ठरवणाऱ्या कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा हे वैयक्तिक शिक्षण अधिक अस्सल होते.

सर्जनशीलतेच्या स्वतंत्र तासाची मागणीही अपुरी आहे; अडचण तासाची नाही, शिक्षकाच्या वेळेची आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन आहे. पुष्कळ शाळांत ते नोंदवह्या भरण्यावर अडले. शिक्षकाचा तो वेळ मुलांची वेगळी उत्तरे ऐकण्याकडे वळवणे, ही सुधारणा अधिक निकडीची आहे.