वजनाचं संयुक्त खातं

आमच्या बँकेत कॅशमध्ये 10 रुपयांचा फरक आला तर आम्ही सगळे थांबून तो शोधतो. पण बाईचं वजन पंचेचाळिशीनंतर 5 किलोंनी वाढलं, तर एक व्हाउचरसुद्धा कुणी तपासत नाही. निकाल तयारच असतो: ‘हिला खाणं आवरत नाही!’

निकाल देणारे आमचे ‘हे’. ह्यांचं पोट सदऱ्याच्या दोन बटणांमधून बाहेर डोकावतं, पण तो म्हणे भारदस्तपणा. माझं सुटलं की बेफिकिरी!

तेव्हा मी, एक बी.कॉम. बाई, हिशेबच मांडते. पाळी जायच्या सुमारास अंगातलं इस्ट्रोजेन घटतं. मग मांड्यांवर जमा होणारी चरबी पोटावर जमा होऊ लागते. म्हणजे खातं तेच, फक्त शाखा बदलली. त्यात वयानं स्नायू कमी होतात. स्नायू हे उधळं गिऱ्हाईक, बसल्याजागीही खर्च करणारं; चरबी त्यामानानं कंजूष. खर्च घटला आणि जमा तेवढीच राहिली, तर शिल्लक वाढणारच! यात हावरटपणा कुठे आला?

आता सल्ले ऐका. वन्सं म्हणाल्या, “सोमवार धर गं!” सोमवार म्हणजे साबुदाण्याची खिचडी. 100 ग्रॅम साबुदाण्यात 350च्या आसपास कॅलरी, प्रथिनं नावापुरती, वर तूप आणि बटाटा. अशा उपासानं शंकर प्रसन्न होईल, वजनकाटा होणार नाही. स्नायू टिकवायला डाळी, उसळी, दही, अंडी लागतात. आणि आमच्याकडे उसळीचं पातेलं माझ्यापर्यंत येतं ते रस्सा होऊन!

सासूबाई म्हणतात, “दिवसभर राबतेस, आणखी व्यायाम कसला?” अहो, राबून पाठ मोडते, ताकद वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला निदान 150 मिनिटं भरभर चालणं, शिवाय दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असा व्यायाम. तो हाडांनाही हवा, कारण इस्ट्रोजेन गेलं की हाडंही ठिसूळ होऊ लागतात. रोजचा हिशेब 22 मिनिटांचा, म्हणजे एका मालिकेएवढा. पण मालिकेला वेळ असलेल्या घरात बाईच्या चालण्याला तो नसतो!

आणि रात्री उरलेला भात कुणाच्या नावावर पडतो? “टाकायचा कशाला, तू संपव!” घरभराची शिल्लक माझ्या खात्यात आणि वर व्याज पोटावर. अशा संयुक्त खात्याला जबाबदार मात्र मी एकटी!

मी नियम बदलले. उरलेलं सगळ्यांनी वाटून घ्यायचं. उसळ पहिल्यांदा माझ्या ताटात. सकाळी मी फिरायला आणि हे चहाला.

“पण साखर कुठे असते?” ह्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“नका घालू,” मी चपला घालत म्हटलं, “तुमच्याही पोटाला बरं!”

तीन महिन्यांत माझं वजन दीड किलो उतरलं. ह्यांचा आवाज त्याहून जास्त.