‘विकत’ या शब्दाचा टंच

हुपरीच्या कारागिराने घडविलेले पैंजण गिऱ्हाइकाने एकदा पैसे मोजून घेतले, की त्यावर कारागिराची वा व्यापाऱ्याची सत्ता उरत नाही. घरची लक्ष्मी ते पायांत घालील, लेकीला देईल, किंवा अडीअडचणीला सराफाकडे नेऊन मोडील. सराफ वजन करील, टंच पाहील, घट धरील आणि त्या दिवसाच्या भावाने पैसे हाती ठेवील. ‘हे पैंजण मुळात तुमचे नव्हतेच’ असे मात्र तो कधी म्हणणार नाही. विकत घेतले ते आपले झाले, या साध्या विश्वासावर हातकणंगले तालुक्यातील या चांदीच्या गावाचा व्यवहार उभा आहे.

मोबाइलच्या पडद्यावर ‘विकत घ्या’ हीच अक्षरे दाबून आपण जे पुस्तक, गाणे किंवा खेळ घेतो, त्याची कथा निराळी आहे. अटींच्या जंगलात शिरल्यावर कळते की, आपल्याला मिळाला तो केवळ वापरण्याचा परवाना. तो विकता येत नाही, मित्रास देता येत नाही आणि बहुधा मुलाबाळांसाठी मागे ठेवताही येत नाही. २००९ साली अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी अमेरिकेतील ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून परस्पर पुसून टाकली. ती प्रत पुरविणाऱ्यापाशी हक्क नव्हते हे खरे, आणि पैसेही परत केले गेले. पण सदोष माल परत नेण्यासाठी गिऱ्हाइकाच्या घरात न विचारता शिरणाऱ्या सराफाला हुपरीत काय म्हणतील?

छापील पुस्तकाविषयी आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा स्पष्ट आहे. एकदा विकली गेलेली प्रत पुढे कोणी विकावी, यावर प्रकाशकाचा अधिकार चालत नाही. म्हणूनच जुन्या पुस्तकांची दुकाने चालतात आणि १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारखी ग्रंथालये वाचकागणिक परवानगी न मागता पुस्तके घरी देतात. तबकडीवरील तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’च होय व त्यावर विक्रीकर बसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ठरविले. कर वसूल करताना जो माल, तो ग्राहकाच्या हाती पडताच परवाना कसा ठरतो, हे कोडे आम्हांस उलगडत नाही.

प्रकाशकांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नव्हे. चांदी झिजते, कागद पिवळा पडतो. संगणकीय प्रत मात्र जशीच्या तशी राहते आणि एकीच्या हजार होऊ शकतात. युरोपीय न्यायालयाने २०१२ साली सॉफ्टवेअरच्या कायम परवान्याची फेरविक्री मान्य केली. ई-पुस्तकांची मात्र २०१९ साली अमान्य केली, त्यामागे हाही विचार होता. लेखकाच्या तोंडचा घास काढावा असे आम्ही कदापि म्हणणार नाही. परंतु जे दुरून एखादे पुस्तक पुसू शकतात, त्यांना एका खात्यातील प्रत पुसून दुसऱ्या खात्यात घालणे अशक्य आहे, हे कोणास पटेल?

कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून, हा केवळ परवाना आहे असे स्पष्ट सांगितल्यावाचून अशा व्यवहारास ‘खरेदी’ म्हणता येत नाही. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि अन्याय्य करार यांविरुद्ध तरतुदी आहेत. त्यांच्या आधारे केंद्र सरकारने दोन गोष्टी कराव्यात. जेथे मालकी द्यावयाची नाही, तेथे ‘विकत’ हा शब्द वापरू देऊ नये; आणि जेथे तो वापरला जाईल, तेथे हस्तांतराचा व वारशाचा हक्क ग्राहकास मिळावा. हलक्या टंचाची चांदी शुद्ध म्हणून खपविणाऱ्यास बाजार लबाड म्हणतो. हलक्या टंचाचा शब्द खपविणाऱ्यास वेगळा न्याय असण्याचे कारण नाही.